सोडतीचा हात

कृष्णनाथ पणजीला गेला होता तो नव्या चष्म्यासाठी. चष्मा तयार व्हायला वेळ होता आणि शेजारच्या सभागृहात पंखे फिरताना दिसले, म्हणून तो आत जाऊन पुढच्या रिकाम्या रांगेत बसला. तिथे लॉटरीची सोडत चालली होती. पंचांनी आकड्यांची चाकं सगळ्यांना दाखवली आणि बटण दाबायला प्रेक्षकांतून कुणीतरी या, असं म्हटलं. सर्वांत पुढे कृष्णनाथच होता. त्याने बटण दाबलं, चाकं गरगरली, थांबली. टाळ्या झाल्या. चष्मा घेऊन तो आपल्या गावी, साखळीला परतला.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आला. खाली बातमी होती : पहिलं बक्षीस मडगावला.

साखळीच्या बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. सकाळीच शेजारची वत्सला पातेलं बघायला आली.

"कृष्णनाथबाब, बटण तुमच्या हातात होतं ना? मग आपल्या साखळीला काय झालं होतं?"

"अगो, चाकं आपोआप थांबतात."

"मडगावात बरी थांबली!" पातेलं तिथेच ठेवून ती गेली.

घरी बायकोने, सुमंगलाने, पान वाढलं. मग म्हणाली, "माझंही तिकीट होतं."

"मला काय ठाऊक?"

"जाताना विचारलंत?"

"मी चष्म्यासाठी गेलो होतो गो."

"चष्मा आला. घरातलं माणूस मात्र अजून दिसत नाही."

दुकानात गिऱ्हाईक येईनासं झालं. मग एक दिवस बसस्टँडवर लॉटरीची तिकिटं विकणारा बाबुराव आला. "माझ्या टेबलाशी येऊन बस. सोडतीचा हात आहे तुझा, तिकिटांना नुसता लाव. चहा, पाव, पातळभाजी माझ्याकडे."

कृष्णनाथ आधी चिडला आणि मग गेला, कारण दुकानात माशा मारण्यापेक्षा ते बरं. टेबलापुढे रांग लागली. प्रत्येक तिकिटावर तळवा ठेवताना तो बजावून सांगायचा, "याने काही होत नाही हां." लोक आदराने मान हलवत. देवमाणसं असंच बोलतात, म्हणत. जाताजाता एखादा त्याच्या दुकानातून तांब्याही नेई.

सोडत झाली. साखळीत फक्त गोपाळ ड्रायव्हरला बक्षीस लागलं, तेही सर्वांत शेवटचं.

"हात लावून एवढंच?" गोपाळने भर स्टँडवर विचारलं.

"मनापासून लावला नसेल," मागून कुणीतरी म्हणालं. रांग पांगली.

कृष्णनाथला हे लागलं. हातात काही नाही हे तोच तर सगळ्यांना सांगत होता. तरी कुणी तसं म्हटल्यावर रात्री जेवण गेलं नाही. सुमंगलाने कारण विचारलं, तर "पोट बरं नाही" म्हणाला.

पाऊस सरेपर्यंत लोक हे विसरले. वत्सलाने पातेलं नेलं, वर झाकणही फुकट मागून घेतलं. एका संध्याकाळी दुकान बंद करून कृष्णनाथ बाबुरावच्या टेबलाशी थांबला. जन्मात पहिल्यांदा तिकीट घ्यायला.

बाबुरावने गठ्ठा पुढे केला. "काढ तुला हवं ते."

कृष्णनाथने दोन्ही हात खिशातच ठेवले.

"नको," तो म्हणाला. "तूच काढ."