तनुजाला काय म्हणायचं

क्रांती चौकामागच्या आमच्या शिवणकेंद्रात लहान मुलांचे कपडे शिवतात, आणि झबली शिवण्यात तनुजाचा हात कुणी धरू शकत नाही. तिचं बाळ जन्मल्यावर आठवड्यातच गेलं. दोन महिन्यांनी ती कामावर परतली, तर काम वाटणाऱ्या सरिताने तिच्यापुढे शिवायला पिशव्यांचा ढीग ठेवला आणि मला हळूच म्हणाली, "झबली नको देऊ बाई तिला. बिचारीला आठवण यायची."

जशी काही आठवण झबल्यांतच राहते!

आमच्या मराठवाड्यात पाळण्यातल्या पोरीपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना माय म्हणतात. 'जेवली का माय', 'बस माय'. तनुजापुढे मात्र सगळ्यांनी तो शब्द गिळला, तिला लागेल म्हणून. त्याच्या जागी आलं बिचारी. मला त्या शब्दाची चीडच आहे. लंगडं कुत्रं दिसलं तरी बिचारं म्हणायचं, की आपण मोकळे. तनुजा आली की गप्पा थांबायच्या, चहा पुढं व्हायचा. बाळाचा विषय मात्र कुणी काढत नसे. शेवटी परवा ती म्हणाली, "मी सोमवारपासून येत नाय. पिशव्या काय, कुणीबी शिवंल."

काल केसरबाई करमाडहून आल्या त्या आपलं जुनं लुगडं घेऊन. आमच्याकडे कापड बेतायचं काम त्यांचं. त्यांच्या सुनेला, मेघाला, मुलगी झाली होती, आणि बाळाचं पहिलं झबलं आजीच्या जुन्या लुगड्याचं करतात. अंगाला मऊ लागतं. त्यांनी ते थेट तनुजाच्या मशीनवर ठेवलं.

सरिता लगबगीने उठली. "मावशी, मी शिवते की. तिला कशाला, बिचारी..."

"तू बस," केसरबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून तनुजाजवळ टेकल्या. "तुझ्या बाळाला तू कसलं शिवलं व्हतं गं?"

सगळ्या मशिनी थांबल्या. मला वाटलं, आता ही उठून जाणार. तनुजाचे डोळे भरून आले, पण ती बोलली.

"पिवळं. बंद बाजूला घेतले व्हते. मागं गाठ टोचती ना, निजल्यावर."

"घातलं का त्याला?"

"व्हय. एकदाच. लई गोड दिसत व्हता."

केसरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मग माझ्या नातीचंबी तसंच शीव, माय."

तनुजा रडायला लागली. रडता रडताच तिने लुगडं उलगडलं आणि कात्रीसाठी हात पुढे केला. कात्री सरितापाशी होती.

"घे, माय," सरिता म्हणाली.