एका पानात बसवा

चौकशी समितीचं पत्र येऊन तेवीस दिवस झाले, तरी मी उत्तर दिलं नव्हतं. प्रश्न एकच होता: 'निवृत्तीपूर्वी आपण पाणीपुरवठा खात्यासाठी लिहिलेलं राउटरचं सूचनापत्रक पूर्ण आहे काय?' एका ओळीचं काम. पण मी असा, की वाचनालयात कुणी माझ्या खुर्चीवर बसलं तर उभ्यानेच वाचतो.

चोविसाव्या दिवशी कंट्रोल रूममधल्या ऑपरेटर बाई घरी आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "सर, पुढच्या शुक्रवारी समिती बसतेय. मला काढणार आहेत."

झालं होतं ते एवढंच. टेकडीवरच्या पंपघरातला राउटर, म्हणजे शहरातल्या कमांड पंपांपर्यंत पोचवणारं यंत्र, अडकला होता. बाईंनी शहरात बसून, कीबोर्डवरून त्याला बंद व्हायची कमांड दिली. तो निमूटपणे बंद झाला. मग चालू व्हायची कमांड ऐकणार कोण? बंद यंत्राला काही ऐकू येत नाही, त्याचं बटण हातानेच दाबावं लागतं. टेकडीवर माणूस नव्हता आणि रस्त्यावर दरड पडलेली. अकरा तास अर्धं शहर कोरडं.

"मी भिंतीवरचा कागद वाचूनच केलं," बाई म्हणाल्या. "'अडकल्यास बंद करून पुन्हा चालू करावा.' कागद तुमचाच ना?"

माझाच. मी कपाटातून मूळ खर्डा काढला. त्यात पुढचं वाक्य होतं: 'राउटरजवळ माणूस नसेल तर बंद करू नये, फक्त रीस्टार्टची कमांड द्यावी, म्हणजे तो आपला आपण पुन्हा सुरू होतो.' त्यावर खात्यातल्या माझ्या साहेबांची लाल रेघ. समासात शेरा आणि सही: 'एका पानात बसवा.' मी बसवलं. वाद घालायला मला तोंड कुठे होतं?

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. बाई येऊन गेल्याचं त्यांना कळलं होतं. सूचना लिहितो म्हणून खात्यात मला सगळे मास्तरच म्हणत.

"मास्तर, गप्प बसणं तुम्हाला छान जमतं. तेवढंच करा. नाहीतर लोक म्हणतील, मास्तरांनीच अर्धवट लिहिलं."

"म्हणू देत," मी म्हणालो. हा आवाज आपलाच ना, अशी मला शंका आली. "अर्धवट होतंच. तुम्ही खोडलंत, मी खोडू दिलं. दोन्ही लिहितोय."

"पुरावा काय?"

"तुमची सही आहे की. झोकदार."

फोन आपटल्याचा आवाज आला. मी लिहायला बसलो.

"तीनदा चष्मा पुसलात," पत्नी म्हणाली. "उत्तर काय काचेवर उमटणार आहे?" मग तिने मसुदा वाचला. "यात सहा वेळा 'कदाचित' आहे! हे उत्तर आहे की माफीनामा?"

मी सगळे 'कदाचित' काढले. उरलं ते असं:

'सूचनापत्रक अपूर्ण आहे. धोक्याची सूचना साहेबांनी गाळली, मी विरोध केला नाही. खर्ड्याची प्रत जोडली आहे. ऑपरेटर बाईंनी छापलेलं तंतोतंत पाळलं. दोष त्यांचा नाही. समितीसमोर हे मोठ्याने वाचून दाखवायला मी स्वतः येईन.'

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडायला निघालो. तरी ते ठेवलं.

सकाळी टपाल कार्यालय उघडताच खिडकीशी गेलो.

"पोच हवी का, आजोबा?" कारकुनाने विचारलं.

"हवीच!" मी इतक्या जोरात म्हणालो की मागची रांग दचकली. त्याने शिक्का मारला आणि माझं पाकीट रजिस्टर टपालाच्या थैलीत टाकलं.