वस्तीवरून गेलेली रेघ

“अरे, ही रेघ तर तुझ्या-माझ्या घरांच्या मधून गेलीय!” कचेरीच्या खिडकीशेजारी डकवलेल्या नव्या वॉर्डांच्या नकाशावर वस्तीतल्या ताईनं बोट ठेवलं. “तू काढलीस?”

नकाशेवाल्यानं मान खाली घातली. रेघ त्याच्या हातची, पण ती कुठून न्यायची ते वरून आलेलं. त्या कचेरीत त्यांच्या जमातीचा तो एकटाच. हरकती घ्यायलाही साहेबांनी त्यालाच बसवलं होतं. “तुमच्या लोकांना तुम्हीच समजवा,” म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी वस्तीची मोजणीसुद्धा अशीच त्याच्या गळ्यात पडली होती. कुणी जमात सांगायला तयार होईना. आजवर सांगून कुणाचं भलं झालं होतं? यानंच हातापाया पडून विनवलं, “लपवू नका हो. किती आहोत ते सरकारला कळलं, तर आपला माणूस निवडून येईल, दवाखाना होईल.” विचारणारा आपलाच, म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही सांगून टाकलं. आणि कळलं की सरकारला! अगदी गल्लीवार कळलं. मग वस्तीचे तीन तुकडे करून ते तीन मोठ्या वॉर्डांना असे जोडले, की तिन्हीकडे वस्तीची मतं नावापुरती उरली.

“आता तोंड पाडून बसू नकोस,” ताई म्हणाली. “हरकतीचा अर्ज आणलाय. सातशे सह्या, नावपत्त्यासकट. पंधरा दिवस पायाला भिंगरी लावून फिरलेय.”

ताईचाच अर्ज. त्यानं न वाचताच आवक शिक्का मारला, मग पानं चाळली. पत्ते तिन्ही तुकड्यांतले होते.

“ताई, एका अर्जावर एकाच वॉर्डाचे लोक चालतात गं.”

“मग? आपण एकाच वॉर्डातले की!”

“नवे वॉर्ड धरतात. हा नामंजूर होणार. आणि आजच शेवटची तारीख.”

“म्हणजे ज्या तुकड्यांवर हरकत, ते आधी कबूल करायचे? वा रे तुमचा कायदा!” ती भडकली. पण लगेच तिचा आवाज उतरला. “बरं, नसेल चालत तर दे परत. लोकांची नावं आहेत रे त्यात. कुणी कुणी विरोध केला ती यादी या कचेरीवाल्यांच्या हाती नको.”

“शिक्का पडलाय, ताई. आता तो कचेरीचा झाला.”

मागून साहेबांनी गठ्ठा उचलला, वरवर चाळला. “सातशे? पत्त्यांसकट? छान काम केलंय हो बाईंनी.” आणि ते गठ्ठा घेऊन आत गेले.

कागद घ्यायला ताईनं खिडकीतून आत घातलेला हात तसाच राहिला. पाच वाजले होते. नकाशेवाल्याला खिडकी बंद करायची होती.