पिवळी रेघ

मामाचं इंजिन कधीचं बंद पडलं होतं. मॉडेल रेल्वेमधलं, तळहाताएवढं. पण त्याला खेळणं म्हटलं की मामाचं तोंड वाकडं. "मोटर जळालीये," एवढं सांगून तो विषय बदलायचा.

मामीला मात्र ते चालायला हवं होतं. गेल्या काही वर्षांत तिची नजर खूप अधू झालीये. टेबलावरचे रूळ, बोगदा, स्टेशन, सगळं धूसर. "दिसत नाही तर नाही, ऐकू तरी येऊ दे," म्हणाली आणि मला बोलावलं. मी कुठे शिकलेला नाही. स्वतःची दोन इंजिनं मोडून तिसऱ्यावर हात बसला, एवढंच.

इंजिन टॉवेलवर उलटं ठेवलं. स्क्रू काढला. वरची बॉडी आतल्या खाचांत अडकलेली असते. दोन्ही बाजू नखाने जरा फाकवायच्या, फटीत प्लॅस्टिकचे पातळ तुकडे सरकवायचे, की सुटते.

ही ढिम्म हलेना.

भिंग लावलं. खालच्या कडेने एक पिवळी रेघ, हाताने काढलेली. अर्धी बॉडीवर, अर्धी खालच्या सांगाड्यावर, चॅसिसवर. फटच बुजलेली.

"ही कुणी काढली?"

"मी," मामी म्हणाली. "एका दमात. छान आलीये ना?"

"बॉडी न काढताच?"

"ती काढायची असते हे मला कुठे ठाऊक."

मी मामाकडे बघितलं. तो रुळांवरची धूळ पुसत होता. धूळ नव्हतीच.

"मामा, तू हे कधी उघडलंच नाहीस. मग मोटर जळाली हे कळलं कसं?"

"वकील आहेस का तू? काम कर." मग हळूच म्हणाला, "उघडायचं तर ती रेघ कापावी लागते. आता तिला परत नाही जमणार. राहू दे बंद."

मामीचे कान तिखट. "म्हणजे इतकी वर्षं मला थापा मारल्यात?"

"थाप कसली? चालत नाही म्हणालो. चालत नाहीच."

"आण रे इकडे." तिने अंगठा कडेवरून फिरवला, एका जागी थांबवला. "इथं रंग जाड लागतोय. ब्रश इथेच टेकवला होता. इथून सुरू कर. आणि सरळ काप, मी काढली तशी."

नवं पातं लावलं. जोर न देता, परत परत, त्याच जागेवरून. मामा खुर्चीची पाठ धरून उभा. एके ठिकाणी टवका उडाला. मामाने मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं.

मला नाही जमत तसलं. "मामी, थोडा रंग गेला."

"जाणारच."

बॉडी सुटली. आत मोटर ठणठणीत. ग्रीस तेवढं सुकून मेणासारखं झालेलं. खरवडलं, तेलाचा थेंब सोडला, बॉडी परत बसवली.

मामाने इंजिन रुळावर ठेवलं. आधी अडखळलं, मग निघालं. मामी टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून बसली. आवाज जाईल तसं तिचं तोंड वळत होतं. बोगद्यातून इंजिन नेमकं कुठे बाहेर येणार ते तिला माझ्याआधी कळायचं.

मामाचं लक्ष नुसतं त्या टवक्यावर. इंजिन समोरून गेलं की दर वेळी वाकायचा.

"फार दिसतंय का गं?"

"अहो, मला काय विचारता?" मामी म्हणाली. "आणि जरा सरका. आवाज अडतोय."