स्टाखुरा नावाचा डबा

४१

माझा नंबर ८८. मला घाई नाही.

उद्या राखेचा बुधवार. उद्यापासून चाळीस दिवस गोड बंद, म्हणून आज आमचं सगळं पोलिश गाव, हॅमट्रॅमक, पोंच्कीसाठी रांगेत. गरम, तळलेली, आत जॅम. दारातल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढायची आणि आपला आकडा पुकारेपर्यंत उभं राहायचं. आधी सांगून ठेवलेले डबे बाजूच्या टेबलावर, वर आडनाव. नाव सांगायचं, डबा उचलायचा. ओळखपत्र कोण मागतंय? सगळे एकाच चर्चचे.

४७

"ब्रोन्या, टेबलावर तुझ्या नावाचा डबा आहे की," रांगेत मागे उभी असलेली हेलेना म्हणाली. "मग इथे काय करतेस?"

"पाय मोकळे करतेय."

"तीन तास उभं राहून? कुठल्या कारखान्यातून आणलेस गं असले पाय?"

गेल्या वर्षी

टेबलावर माझा डबा नव्हता.

"तुमच्याकडचा माणूस घेऊन गेला ना?" काउंटरवरच्या हलिनाकाकू म्हणाल्या. "गेरी पिलार्स्की. 'स्टाखुरा' म्हणाला, मी दिला."

आमच्याकडे माणूसच नाही. मी आणि आई, संपलं आडनाव.

काचेतून दिसत होतं. गेरी गाडीत बसून खात होता. रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून टेबलावरचं दिसेल ते नाव त्याने वाचलं होतं.

मी चिठ्ठी ओढली. माझा नंबर येईपर्यंत आलुबुखाराच्या पोंच्की संपल्या. चार दिवस हॉस्पिटलात आईने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. सकाळी म्हणाली होती, "एक आण. आलुबुखाराची. मी थांबते."

नाही थांबली.

महिन्याने चर्चच्या पायऱ्यांवर मी गेरीला गाठलं.

"एका डब्याचं काय एवढं?" तो म्हणाला. "मला वेळ नव्हता."

६३

गेरी आला.

यंत्रातून चिठ्ठी ओढली. ११९. नजर माझ्यावरून सरकली, थांबली नाही.

"एवढ्या वेळात विमान बनतं!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. हा माणूस प्रार्थनेत प्रसाद तोंडात पडला की आशीर्वादाआधीच गाडीकडे पळतो.

६४

आज पहाटे मी घरी बारा पोंच्की तळल्या. ईस्टरला हॅमबरोबर आपण बीट आणि हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळ्याचा लाल कीस चमचाभर घेतो आणि तरी नाक पुसतो. तो भरला. बीट थोडं, हॉर्सरॅडिश भरपूर. वरून साखर.

हलिनाकाकूंना सगळं सांगितलं. त्यांनी 'स्टाखुरा' लिहिलेला डबा टेबलाच्या कडेला सरकवला.

स्टाखुरा आता गावात मी एकटीच. हा डबा उचलेल तो चोरच.

आणि स्वतःशी एक अट घातली होती: तो आपल्या नंबराला थांबला, तर डबा घरी नेऊन कचऱ्यात.

६६

घड्याळ पाहिलं त्याने.

६७

पुन्हा पाहिलं.

६९

टेबलाकडे पाहिलं.

७०

"स्टाखुरा," गेरी म्हणाला. मीठ मागावं तसं.

हेलेनाने तोंड उघडलं. मी तिच्या दंडाला चिमटा काढला.

"घ्या," हलिनाकाकू म्हणाल्या.

गाडीपर्यंतसुद्धा थांबला नाही तो. दारातच झाकण उघडलं आणि अर्धी पोंच्की एका घासात.

७१

आधी कान लाल झाले. मग डोळे. डबा हातातून सुटला. अकरा पोंच्की गडगडत लोकांच्या बुटांपाशी गेल्या आणि कुणी एक पाऊल मागे घेतलं नाही.

"पाणी!"

"नंबर किती तुमचा?" हलिनाकाकूंनी विचारलं.

"एकशे... एकोणीस!"

"एकाहत्तर चालू आहे. थांबावं लागेल."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. गेरीने मान वर केली आणि आता कुठे मी त्याला दिसले.

"तू?"

"एका डब्याचं काय एवढं?" मी म्हणाले.

तो दार ढकलून पळाला. काचेतून दिसत होतं. गुडघे टेकून तो फुटपाथवरचा बर्फ ओंजळीने तोंडात कोंबत होता. मीठ टाकलेला, काळा पडलेला बर्फ.

८८

"किती देऊ?" हलिनाकाकूंनी विचारलं.

"एक. आलुबुखाराची."

उरल्या होत्या.