नसलेल्या मावशीची बाधा

महागावजवळच्या मठात महाराजांनी लिंबू चिरलं, की रक्त गळायचं. बायका हुंदके द्यायच्या, पुरुष हात जोडायचे. त्या गर्दीत प्रियंका धाकट्या भावाला, रजतला, धरून बसली होती. काविळीच्या विषाणूवर त्याला दर आठवड्याला इंजेक्शन चालू होतं. तेव्हापासून तो जेवेना, बोलेना. "मले जगायचंच नाही," एवढंच म्हणे. त्यांची आई, विमलताई, याच आजारात याच इंजेक्शनांवर असताना अशीच मिटत गेली होती आणि एके दिवशी तिनं जीव दिला होता.

रांगेत चहा वाटणाऱ्या चेल्यानं मायेनं विचारलं, "घरात आधी कोनाले असं झालतं का, काकाजी?"

"याच्या मायले," वडील वामनराव म्हणाले.

"अन् यमुनामावशीले," प्रियंकानं भर घातली. वामनराव चमकले, तिनं त्यांचा हात दाबला.

चेला आत जाऊन आला. पाळी आली. महाराज घुमले. "यमुना! भाच्याले काहून धरलं?" लिंबू चिरलं, लाल धार लागली. "सुया बंद! अंगारा चालू!"

"महाराज, आमच्या आईले बहीणच नव्हती," प्रियंका म्हणाली.

"पोरीलेही धरलं!" चेला ओरडला.

दाराशी बसलेल्या नारळवालीची सुरी घेऊन प्रियंकानं दुसरं लिंबू चिरलं. साधा रस निघाला. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "यायच्या सुरीले जास्वंदीचा रस वाळवलाय. आंबट लागलं की लाल होते."

मागून एक म्हातारी म्हणाली, "लिंबू खोटं असन, माय. पोरगं तं खरंच सुकून राह्यलं ना?"

त्याच दुपारी ते रजतला घेऊन यवतमाळला, इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"घरात कोणाला मनाचा आजार होता का, हे मी सुरुवातीलाच विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात," त्या वामनरावांना म्हणाल्या.

"आजार कुठं होता, बाई? बाधा होती," वामनराव म्हणाले.

"या औषधानं काहींचं मन खचतं. कोणाचं, हे काही अंशी वारशावर असतं. आईचं कळलं असतं, तर मी दुसरं औषध दिलं असतं." त्यांनी रजतला दाखल करून घेतलं, इंजेक्शन थांबवलं, मनाच्या डॉक्टरांना बोलावलं.

"म्हंजे विमललेही या सुयांनीच असं झालतं?" वामनरावांनी विचारलं.

"तुमाले तरी कोनं सांगतलं होतं, बाबा?" प्रियंका म्हणाली.

विमलताईंसाठी आता काही करता येत नाही. रजत अजून हसत नाही. काल मात्र त्यानं अर्धी भाकर मागून खाल्ली. तुमच्या घरात कोणी असं मिटून गेलं असेल, तर ते मठात सांगू नका, दवाखान्यात सांगा. उपचार सुरू होण्याआधी सांगा. उपचार चालू असताना मन बुडू लागलं, तर त्याच दिवशी सांगा. आपल्या मनानं औषध सोडू नका. मेलेलं माणूस कोणाला धरत नाही. त्याला काय झालं होतं, ते जिवंतांसाठी नीट सांगा.