दादा वाचतो, हे तिला कुणी सांगायचं?

मित्रांनो, एका घड्याळजींच्या दुकानातल्या जुन्या संगणकात माझा मुक्काम आहे. मला फीड रीडर म्हणतात. नाव जड असलं तरी काम सोपं आहे. तुमच्या आवडत्या संकेतस्थळांवर नवीन काय आलं, ते आणून तुमच्यापुढे ठेवायचं.

मी येण्यापूर्वी घड्याळजी रोज सकाळी एका बोटाने एकेक पत्ता टाइप करत आणि कुठेच नवीन काही नसलं की संगणकावर करवादत. शेवटी त्यांच्या लेकीने मला आणून बसवलं. प्रत्येक संकेतस्थळावरची फीडची छोटी नारिंगी खूण तिने शोधली, तिच्यामागचा पत्ता कॉपी केला आणि मला दिला. "झालं! आता तुम्ही दारोदार फिरायचं नाही, बाबा. हाच फिरेल."

मी फिरू लागलो आणि थक्क झालो. केवढं हे जग! कुणी मुंग्यांच्या वारुळापुढे दिवसभर पालथं पडून होतं, कुणी घरीच दुर्बिणीची काच घासत होतं, आणि जे दिसेल ते सगळ्यांसाठी लिहून ठेवत होतं. पण सगळ्यांत नवलाचं लिहायची ती घड्याळजींची धाकटी बहीण. ती दूर बर्फात, एका हवामान केंद्रात नोकरीला होती. तिथे महिनोन्महिने सूर्य उगवत नाही. आकाशात हिरवा उजेड पडद्यासारखा हलतो. ती लिहायची आणि काही वेळातच मी ते या टेबलावर आणायचो. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग काढायचंही विसरून वाचत बसायचे. ती तिकडे गेली तेव्हा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि बोलणं बंद होतं. तरी तिचं वाचल्याशिवाय ते एकाही घड्याळाला हात लावत नसत.

एके दिवशी मी तिचा अगदी छोटा मजकूर आणला. 'वाटायचं, दादा वाचत असेल. इतक्या वर्षांत त्याचा एक शब्द नाही. आता लिहिणं थांबवते.'

घड्याळजी चक्रावून लेकीकडे वळले. "अगं, मी रोज वाचतो की! हा तिला सांगत नाही होय?"

"नाही बाबा. हा फक्त आणतो. कोण वाचतंय, ते आत्याला कसं कळणार?"

"आणि मी आपला समजत होतो, आमचं कधीच मिटलंय!"

ते खाली बसले. 

"तिथे फोन लागतो का गं?"

लेकीने फोन लावून दिला. पलीकडून "दादा?" एवढंच ऐकू आलं.  घड्याळजी एकदम म्हणाले, "त्या हिरव्या उजेडाचं लिहिलंस ना, त्या दिवशी गिऱ्हाईक दारात ताटकळलं होतं, तरी मी उठलो नाही बघ."

मित्रांनो, मला जरूर बसवा, जग बघून थक्क व्हा. पण मला आणणं ठाऊक आहे, उलट निरोप नेणं नाही. कुणाचं लिहिलेलं आवडलं, तर ते त्याला तुम्हीच सांगा.

काही दिवसांनी मी तिचा एक फोटो आणला. लांबलचक रात्रीनंतर बर्फाच्या कडेला उगवलेला सूर्य. खाली दोनच शब्द होते: 'दादा, बघ.'